वेस्टगेटचे ११५ आठवडे

डिसेंबर १९७१ मध्ये 'व्हरायटी' या अमेरिकी चित्रव्यवसायाच्या पत्रात एका नव्या चित्रपटाचे परीक्षण छापून आले. खाली सही होती 'मर्फ'. या पत्राचे परीक्षक पूर्ण नाव न घालता अशी तोडकी सही करत. मर्फ म्हणजे ए. डी. मर्फी. चित्रपट होता 'हॅरॉल्ड अँड मॉड', दिग्दर्शक हॅल ॲशबी. मर्फीच्या परीक्षणातले एक वाक्य पुढे पन्नास वर्षे चित्रपटाच्या नावाला चिकटून राहिले. त्याने लिहिले होते की, जळत्या अनाथाश्रमात जेवढी मौज आणि जेवढा उल्हास असेल तेवढा या चित्रपटात आहे.

याच चित्रपटाबद्दलची दुसरी नोंद मिनेसोटा राज्यातल्या ईडायना या उपनगरातली आहे. तिथल्या वेस्टगेट नावाच्या एकपडदा चित्रपटगृहात हा चित्रपट ११५ आठवडे चालला. एकूण खेळ १,९५७. शेजारपाजारचे लोक कंटाळून हातात फलक घेऊन दारात उभे राहिले आणि आता दुसरे काहीतरी लावा, अशी मागणी करू लागले.

या दोन नोंदींमधले अंतर भरून काढायला एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. समीक्षकांनी चित्रपट मारला आणि प्रेक्षकांनी तो तारला. गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणूनच ती तपासून पाहायला हवी. सुदैवाने तपासण्याजोगी साधने आहेत: तारीख असलेली परीक्षणे, पारितोषिकांची नामांकने, एका चित्रपटगृहाचा हिशेब, उशिरा सांगितलेल्या आठवणी आणि सर्वांत महत्त्वाचे अस्सल साधन म्हणजे खुद्द चित्रपट.

आधी चित्रपट काय आहे ते थोडक्यात. एक तरुण जिना उतरून येतो. चेहरा दिसत नाही, फक्त पाय दिसतात. तो ग्रामोफोनवर तबकडी लावतो, मेणबत्त्या पेटवतो, खुर्चीवर चढतो आणि गळफास घेतो. आई खोलीत येते, लोंबकळणाऱ्या मुलाकडे एकदा पाहते आणि फोन फिरवू लागते. फोन संपल्यावर जाता जाता रात्रीच्या जेवणाची वेळ सांगते. हा हॅरॉल्ड. श्रीमंत घरचा एकुलता एक मुलगा, आत्महत्येची हुबेहूब नाटके वठवणारा. अनोळखी माणसांच्या अंत्यसंस्कारांना जाण्याचा त्याला नाद आहे. तिथेच त्याला मॉड भेटते. तिला ऐंशी पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरलेले आहेत. ती दिसेल ती मोटार बिनदिक्कत पळवते, शहरातल्या धुरात गुदमरणारे झाड उपटून रानात नेऊन लावते. दोघांचे प्रेम जमते. ऐंशीव्या वाढदिवशी मॉड गोळ्या घेऊन स्वतःचे आयुष्य संपवते. हॅरॉल्डची मोटार कड्यावरून खाली कोसळते; तो मात्र कड्यावर जिवंत उभा असतो, बँजो वाजवत निघून जातो.

चित्रपटामागे पैसा पॅरामाउंटचा होता, म्हणून काटेकोर अर्थाने तो स्वतंत्र निर्मितीचा चित्रपट नव्हे. पण तो जन्मला स्टुडिओच्या उंबऱ्याबाहेर. पटकथाकार कॉलिन हिगिन्स कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत चित्रपटाचा विद्यार्थी होता, आणि पटकथेचे मूळ त्याच्या तिथल्या प्रबंधात आहे. निर्माता एडवर्ड लुईस यांच्या घरचा पोहण्याचा तलाव साफ करण्याचे काम तो करत असे. लुईस यांच्या पत्नी मिल्ड्रेड यांनी ती संहिता वाचली आणि तिथून ती पॅरामाउंटच्या रॉबर्ट इव्हान्स आणि पीटर बार्ट यांच्यापर्यंत गेली. ॲशबी मूळचा संकलक. 'इन द हीट ऑफ द नाइट'च्या संकलनासाठी त्याला ऑस्कर मिळालेले. दिग्दर्शक म्हणून हा त्याचा दुसराच चित्रपट. मॉडच्या भूमिकेत रुथ गॉर्डन होत्या, वय ७५. हॅरॉल्डच्या भूमिकेत बड कोर्ट, वय २३. तिकीटबारीवर गर्दी खेचील असे एकही नाव नव्हते.

प्रदर्शनाची तारीख २० डिसेंबर १९७१, सोमवार. दुसऱ्याच दिवशी, २१ तारखेला, 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये विन्सेंट कॅन्बीचे परीक्षण आले. कॅन्बीचे म्हणणे मर्फीहून निराळे आहे आणि अधिक विचारात घेण्याजोगेही. दोन्ही नट इतके आक्रमक, इतके अंगावर काटा आणणारे आणि दूर लोटणारे आहेत की हॅरॉल्ड आणि मॉड एकमेकांसाठीच बनलेले आहेत हे उघड आहे, असे तो म्हणतो. मात्र चित्रपट स्वतःच ही गोष्ट मान्य करत नाही, आणि शेवटच्या कलाटणीने आपल्याच जीवनवादी आविर्भावाशी दगा करतो. आक्षेप नेमका आहे. आयुष्य भरभरून जगा असे दीड तास सांगणारी बाई अखेरीस गोळ्या का घेते?

तिसरे परीक्षण 'शिकागो सन-टाइम्स'मधले, रॉजर एबर्टचे, तारीख १ जानेवारी १९७२. गुण चारपैकी दीड तारा. हा चित्रपट म्हणजे केवळ पवित्र्यांचा खेळ आहे, असे एबर्टचे मत. हॅरॉल्ड म्हणजे मृत्यू, मॉड म्हणजे जीवन, आणि दोघे मिळून या दोहोंना इतके सारखे करून टाकतात की जगण्याची जास्तीची दगदग कशाला करावी असे वाटावे. पडद्यावरची माणसे मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयातून नुकतीच आणल्यासारखी दिसतात. चित्रपटगृहाच्या लॉबीत शिळ्या फुलांचा मळमळवणारा गोड वास तेवढा असायला हवा होता, असेही तो लिहितो.

तीन परीक्षणे, तिन्ही प्रतिकूल, तिन्ही तीन आठवड्यांच्या आत छापलेली. समीक्षकांनी चित्रपट मारला या विधानाचा पाया हाच. पण परीक्षण प्रतिकूल असणे आणि परीक्षणामुळे चित्रपट पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला स्वतंत्र पुरावा लागतो.

मर्फीच्या बाबतीत तो काही अंशी मिळतो. 'व्हरायटी' हे सर्वसामान्य प्रेक्षकाचे पत्र नव्हते. ते वाचत चित्रपटगृहांचे मालक आणि वितरक, कोणता चित्रपट किती आठवड्यांसाठी घ्यायचा हे ठरवणारी माणसे. अशा वाचकाला अनाथाश्रमाचे वाक्य वाचून काय वाटले असेल याचा अंदाज करता येतो. पण हा अंदाजच आहे, आणि त्याची किंमत तेवढीच धरावी.

विषय काळा होता म्हणून समीक्षक बिथरले, असे एक कारण दिले जाते. ते टिकत नाही. कारण त्याच कॅन्बीने आदल्याच दिवशी, २० डिसेंबरच्या अंकात, स्टॅन्ली कुब्रिकच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'ची मनापासून स्तुती केली होती. बलात्कार, मारझोड, खून आणि त्यातूनच उपजलेला विनोद असलेला तो चित्रपट. न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याचीच निवड केली. म्हणजे सोमवारच्या अंकात काळा विनोद पचला आणि मंगळवारच्या अंकात पचला नाही. एकाच लेखणीतून चोवीस तासांच्या अंतराने उतरलेली ही दोन परीक्षणे शेजारी ठेवली की काळेपणाचे कारण बाद होते आणि शोध पुढे सरकतो. कुब्रिकचा चित्रपट थंड नजरेने पाहतो. प्रेक्षकाने कुणावर माया करावी अशी त्याची अपेक्षा नाही. ॲशबीचा चित्रपट मृत्यूवर हसवतो आणि त्याच दमात माया मागतो. कॅन्बीला खटकले ते हे मागणे, असे माझे मत आहे, आणि 'जीवनवादी आविर्भाव' हे त्याचेच शब्द त्याला आधार देतात.

'समीक्षकांनी मारला' या विधानाला अडचणीत आणणारा आणखी एक समकालीन पुरावा आहे आणि तो फारसा कुणी विचारात घेत नाही. १९७२ च्या गोल्डन ग्लोब पारितोषिकांत, संगीतिका किंवा विनोदी चित्रपट या विभागात, रुथ गॉर्डन आणि बड कोर्ट या दोघांनाही प्रमुख भूमिकेसाठी नामांकन मिळाले. पारितोषिक मिळाले नाही, ऑस्करच्या यादीत चित्रपटाचे नाव कुठेच नाही, हे खरे. पण ही नामांकने विदेशी पत्रकारांच्या संघटनेने दिलेली होती. चित्रपटावर लिहिणाऱ्या मंडळींच्या एका गटाला, कॅन्बीला दूर लोटणाऱ्या वाटलेल्या त्याच दोन भूमिका, वर्षातल्या उत्तम भूमिकांत गणाव्याशा वाटल्या. तेव्हा सगळे समीक्षक एका बाजूला आणि प्रेक्षक दुसऱ्या, अशी विभागणी १९७२ च्या आरंभीही नव्हती.

मग चित्रपट पडला का? तो पडला याविषयी शंका नाही. निर्मात्यांपैकी चार्ल्स मुल्व्हिहिल यांची साक्ष पीटर बिस्किंड यांच्या १९९८ च्या पुस्तकात आहे. लोकांना ओढूनसुद्धा चित्रपटगृहात आणता येत नव्हते, असे ते सांगतात. वीस वर्षांचा मुलगा आणि ऐंशीची बाई ही कल्पनाच लोकांना शिसारी आणत होती. ही साक्ष सव्वीसेक वर्षांनंतरची. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी बखर आणि समकालीन पत्र यांत जो भेद करायला शिकवला तो इथेही लागू आहे. उशिराची आठवण खोटी नसते, पण मधल्या काळात तिला गोष्टीचा आकार आलेला असतो. तरी मुल्व्हिहिल यांच्या साक्षीतला एक भाग मला विश्वसनीय वाटतो. ते दोष समीक्षकांवर ढकलून मोकळे होत नाहीत. पोस्टरपाशी थबकणाऱ्या माणसाच्या मनातली किळस ते मुख्य कारण मानतात. आपल्या चित्रपटाच्या बचावासाठी बोलणारा माणूस बहुधा परीक्षकावर खापर फोडतो. ते यांनी केलेले नाही.

प्रदर्शनाचा हंगामही पाहायला हवा. १९७१ चा तो नाताळ. त्याच दिवसांत जेम्स बाँडचा 'डायमंड्स आर फॉरएव्हर' आणि क्लिंट ईस्टवुडचा 'डर्टी हॅरी' पडद्यावर आले. विनोदाची आवड असलेल्या प्रेक्षकासाठी इस्पितळातल्या मृत्यूंवरचा 'द हॉस्पिटल' होता, आणि त्यात जॉर्ज स्कॉटसारखा नामांकित नट होता. सणाच्या आठवड्यात कुटुंबाने मिळून पाहावा असा 'हॅरॉल्ड अँड मॉड' नव्हता. परीक्षणे उत्तम आली असती तरी त्या गर्दीत त्याची वाट निघाली असती का? मला शंका आहे.

आता वेस्टगेटकडे वळू. इथल्या आकड्यांत गोंधळ आहे आणि तो सोडवता येण्याजोगा आहे. काही ठिकाणी हा चित्रपट तिथे तीन वर्षे चालला असे छापलेले आढळते, काही ठिकाणी दोन वर्षांहून अधिक असे. आठवडे कुठे ११४, कुठे ११५. खेळांची संख्या १,९५७ दिली जाते. चित्रपट तिथे लागला मार्च १९७२ मध्ये, उतरला जून १९७४ मध्ये.

हिशेब मांडून पाहू. ११५ आठवडे म्हणजे ८०५ दिवस. मार्च १९७२ मधल्या कोणत्याही दिवसापासून ८०५ दिवस मोजले तर आपण मे १९७४ चा मध्य ते जूनचा मध्य या टप्प्यात पोचतो. जूनमध्ये चित्रपट उतरला या नोंदीशी हे जुळते. म्हणजे तीन वर्षांचे विधान बाद. ते कसे निघाले असावे याचा तर्क करता येतो: १९७२, १९७३, १९७४ अशी तीन साले कुणीतरी बोटांवर मोजली असावीत.

खेळांची संख्या अधिक बोलकी आहे. १,९५७ ला ११५ ने भागले तर आठवड्याला सतराच्या किंचित वर खेळ येतात. सोमवार ते शुक्रवार रोज दोन खेळ म्हणजे दहा. शनिवार-रविवार मिळून सात. बेरीज सतरा. सतरा गुणिले एकशे पंधरा म्हणजे १,९५५. नोंदलेल्या आकड्याहून फक्त दोन कमी. खेळांचे हे वेळापत्रक म्हणजे माझा तर्क आहे. पण सव्वादोन वर्षांचा आकडा आणि एका उपनगरी चित्रपटगृहाचा साधा आठवडी क्रम इतक्या जवळ यावेत, यावरून १,९५७ ही संख्या कुणीतरी हिशेबाच्या वहीतून उतरवली असावी, जाहिरातीसाठी फुगवलेली नसावी, असे मानायला जागा आहे. एवढ्याशा भागाकाराने एका दंतकथेतला आकडा पुराव्याच्या बाजूला येऊन बसला, याचा मला फार आनंद झाला.

शेजाऱ्यांच्या निदर्शनांची हकिकतही खरी आहे. चित्रपट अश्लील आहे अशी त्यांची तक्रार नव्हती. घराजवळच्या या चित्रपटगृहात दोन वर्षे दुसरे काही पाहायला मिळत नाही, ही तक्रार होती. रुथ गॉर्डन आणि बड कोर्ट दोघेही या मुक्कामात ईडायनाला येऊन गेले. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेली, ऑस्कर मिळवलेली पंच्याहत्तरी ओलांडलेली नटी एका उपनगरी चित्रपटगृहात प्रेक्षकांना भेटायला जाते, यावरून त्या दोन वर्षांत कलावंतांनाही या मुक्कामाचे मोल कळले होते एवढे निश्चित.

ते प्रेक्षक कोण होते? खेळांची संख्या चित्रपट किती वेळा दाखवला ते सांगते, किती माणसे आली ते सांगत नाही. पण एका उपनगरात सव्वादोन वर्षे रोज नवा प्रेक्षक सापडणे अशक्य आहे. तेव्हा बरेच जण पुन्हा पुन्हा येत असले पाहिजेत, हा निष्कर्ष टाळता येत नाही. त्याला पूरक असा एक पुरावा संगीताच्या बाजूने मिळतो. चित्रपटातली गाणी कॅट स्टीव्हन्सची. त्यांतली दोन खास चित्रपटासाठी लिहिलेली, आणि ती दोन्ही १९८४ पर्यंत त्याच्या कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट झाली नाहीत. अमेरिकेत चित्रपटाच्या संगीताची पूर्ण तबकडी निघाली ती थेट २००७ मध्ये, तीही अडीच हजार प्रतींची. म्हणजे १९७३ मध्ये ती गाणी पुन्हा ऐकावीशी वाटणाऱ्या ईडायनाच्या तरुणाला तिकीट काढण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. केवळ यासाठी माणसे आली असे मी म्हणत नाही. पण पुन्हा येण्याच्या कारणांत हे एक धरायला हरकत नाही.

पुन्हा पाहण्याचा प्रश्न मला इतका महत्त्वाचा का वाटतो, ते खुद्द चित्रपट पाहिल्यावर समजते. मध्यानंतर एक प्रसंग आहे. मोडीत काढलेल्या वस्तूंच्या ढिगांपाशी, पाण्याकाठी, हॅरॉल्ड आणि मॉड बसले आहेत. सूर्य मावळतो आहे. हॅरॉल्ड तिचा हात हातात घेतो. कॅमेरा तिच्या मनगटाच्या वरच्या भागावर सेकंदभर जातो. तिथे गोंदलेला एक क्रमांक आहे, नाझी छळछावणीतल्या कैद्यांच्या हातावर गोंदला जाई तसा. हॅरॉल्डची नजर तिथे जाते. क्रमांकाबद्दल कुणी काही बोलत नाही. मॉड समुद्रपक्ष्यांकडे पाहते आणि ड्रेफसची आठवण सांगते. खोट्या आरोपाखाली दूरच्या बेटावर कैदेत टाकलेला तो ज्यू सेनाधिकारी, त्याला तिथे दिसलेले अपूर्व पक्षी, आणि कित्येक वर्षांनी ते साधे सीगल होते असे त्याच्या ध्यानात येणे. प्रसंग संपतो. चित्रपट त्या क्रमांकाकडे पुन्हा कधीही परतत नाही.

हा एक सेकंद अपघाताने राहिलेला असणे शक्य नाही. ॲशबी संकलक होता. किती चौकटी ठेवायच्या हे ठरवण्यातच त्याची हयात गेली होती. आधीच्या एका प्रसंगात मॉड व्हिएन्नातल्या तरुणपणाबद्दल बोलते, मोर्च्यांत छत्री घेऊन गुंडांशी आणि पोलिसांशी झुंजल्याचे सांगते. व्हिएन्ना, छत्री, क्रमांक, ड्रेफस. चार खुणा, चारही निसटत्या. त्या जुळवल्या की मॉडचा भूतकाळ उभा राहतो, आणि कॅन्बीच्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच मिळते. जिचे जगणे-मरणे कधीकाळी दुसऱ्यांच्या लहरीवर अवलंबून होते, ती आपल्या मरणाचा दिवस स्वतः ठरवते. क्रमांक ध्यानात न घेता शेवट पाहिला तर तो पोरकट लहर वाटतो. ध्यानात घेतला तर तो मॉडच्या आयुष्याशी सुसंगत ठरतो. हा शेवट पटावा असे मी म्हणत नाही. कित्येकांना तो आजही पटत नाही, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे. पण त्याला दगा म्हणता येत नाही.

कॅन्बी आणि एबर्ट यांच्या नजरेतून तो सेकंद निसटला का, हे सिद्ध करता येणार नाही. त्यांच्या परीक्षणांतल्या ज्या वाक्यांवर त्यांचे निष्कर्ष उभे आहेत, त्यांत मात्र मॉडच्या भूतकाळाला जागा नाही. दैनिकाचा परीक्षक चित्रपट एकदा पाहतो आणि लगेच लिहितो. कॅन्बीने त्या आठवड्यात लागोपाठच्या दोन दिवशी दोन मोठ्या चित्रपटांवर लिहिले होते. वेस्टगेटच्या प्रेक्षकाकडे १,९५७ संधी होत्या. या चित्रपटाने आपला मुख्य पुरावा जिथे ठेवला आहे, तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पाहणाऱ्याच्या हाती लागतो. म्हणून मला वाटते की समीक्षक आणि प्रेक्षक यांच्यातला भेद अभिरुचीचा कमी आणि किती वेळा पाहिले याचा अधिक आहे. एबर्टचे निरीक्षण तर बिनचूक होते: हॅरॉल्ड आणि मॉड मिळून जीवन आणि मृत्यू यांना सारखे करून टाकतात. ॲशबीला नेमके तेच करायचे होते. एबर्टने ते पाहिले, नोंदले आणि दोषांच्या रकान्यात टाकले.

पुढच्या नोंदी चटकन पाहता येतील. १९७३ मध्ये पॅरिसमध्ये याचे नाटक झाले. फ्रेंच रूपांतर ज्याँ-क्लोद कारिएर यांचे आणि मॉडच्या भूमिकेत मादलेन रेनो. तिथे ते चांगले रुजले. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तेच नाटक जेनेट गेनर यांना घेऊन आले आणि चार प्रयोगांत बंद पडले. १९८० पर्यंत चित्रपटाचा चाहतावर्ग देशभर झाला होता, तरी त्याच कथेला त्या शहराने चार प्रयोगांत निरोप दिला. म्हणजे नुसत्या कथेत ती ताकद नव्हती. ॲशबीची मांडणी, कॅट स्टीव्हन्सचा आवाज आणि गॉर्डन-कोर्ट ही जोडी वगळली की उरते ती मुल्व्हिहिल यांनी सांगितलेली शिसारी.

८ ऑगस्ट १९८३ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये अल्जीन हार्मेट्झ यांची बातमी आहे: बारा वर्षांनंतर 'हॅरॉल्ड अँड मॉड' नफ्यात. कॅन्बीचे परीक्षण ज्या पत्रात आले त्याच पत्रात ही नोंद यावी, हे अभ्यासकाच्या सोयीचे झाले. दोन्ही कागद एकाच दप्तरात मिळतात. चित्रपटाचा खर्च सुमारे बारा लाख डॉलर सांगितला जातो. म्हणजे ही रक्कम भरून निघायला दशकाहून अधिक काळ लागला. दरम्यान हिगिन्स 'सिल्व्हर स्ट्रीक'चा लेखक आणि 'नाइन टू फाइव्ह'चा दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आला होता. ही बातमी आली तेव्हा रुथ गॉर्डन हयात होत्या. त्या १९८५ मध्ये गेल्या. हिगिन्स आणि ॲशबी दोघेही १९८८ मध्ये, चार-पाच महिन्यांच्या अंतराने गेले.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, हिचकॉकच्या 'रिअर विंडो' आणि स्कोर्सेसीच्या 'मीन स्ट्रीट्स'बरोबर, 'हॅरॉल्ड अँड मॉड'चे नाव दाखल झाले. २००० साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने शंभर विनोदी चित्रपटांची यादी केली, तीत त्याचा क्रमांक ४५ वा. या उत्तरकालीन गौरवांवरून १९७१ चे परीक्षक चुकले असा निकाल देणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. मर्फीचे वाक्य क्रूर आहे, कॅन्बीचा प्रश्न मात्र रास्त आहे. एबर्टची नजर तीक्ष्ण आहे. चित्रपट पुन्हा पाहणाऱ्याने ही परीक्षणे सोबत ठेवावीत; ती चित्रपटाला विचारायचे प्रश्न शिकवतात.

वाचकांना एक विनंती. परीक्षणे आधी वाचू नका. चित्रपट एकदा पाहा, मग ही तीन परीक्षणे तारखांच्या क्रमाने वाचा, आणि मग चित्रपट पुन्हा लावा. पाण्याकाठच्या त्या प्रसंगात हॅरॉल्डने तिचा हात हाती घेतला की पापणी लवू देऊ नका.